मोहनबारी ते तेजू

"थांब गो. तो अजून वर आसा."

केरसुणीकडे गेलेला मालनचा हात तिथंच थांबला. बकुळाबाईंची पाठ तिच्याकडे होती. त्या शेगडीवर भाकरी फिरवत होत्या, पण कोपऱ्यातली केरसुणी कुणी नुसती हलवली तरी त्यांना कळायचं. मालननं खाली बघितलं. गिरणीच्या धुराड्याची काजळी रात्रभर खिडकीतून आत येऊन जमिनीवर बसली होती. आठ महिन्यांची राधा तीतूनच रांगून आली होती. तिचे गुडघे काळे झाले होते, तळहात काळे झाले होते आणि त्यांतला एक तळहात ती मन लावून चोखत होती.

"आई, दोन दिवस खोकतेय ही."

"मग तिका उचलून घे. जमीन खय पळान जाता?"

मालननं राधाला उचललं, लुगड्याच्या पदरानं तिचे हात पुसले आणि साडेसात वाजता तिला सासूच्या मांडीवर देऊन ती कामावर गेली. घर तसंच राहिलं.

घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते मुक्कामी पोचेपर्यंत मागं केर काढायचा नाही, हे मालनच्या माहेरीही पाळत. माहेर परळचं, मूळ गाव वेंगुर्ल्याकडचं. वडील गावी निघाले की आई भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची वेळ धरायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घर झाडायची. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. त्याचा कुणाला जाच नव्हता. बकुळाबाईंचं मात्र वेगळंच होऊन बसलं होतं. त्यांचा मुलगा रोजच प्रवासाला निघत होता.

गणपत सांताक्रूझला विमानाच्या इंजिनांचं काम शिकला होता. लग्नानंतर सहा महिन्यांनी त्याला आसामात नोकरी लागली. एका खासगी कंपनीची डाकोटा विमानं मोहनबारीच्या धावपट्टीवरून सरहद्दीकडच्या तेजूला तांदूळ, मीठ, रॉकेल, घरांचे पत्रे घेऊन जात. तिकडं दुरुस्तीला कोणी नसल्यामुळं मेकॅनिकनं विमानाबरोबर जायचं, अशी पद्धत होती. सकाळी निघायचं, माल उतरवायचा, परत यायचं. रविवार सोडून रोज. लालबागच्या त्या चाळीत विमानात पाय ठेवलेला दुसरा माणूस नव्हता. बकुळाबाईंना सगळे 'इमानवाल्याची आई' म्हणत, थोडं कौतुकानं, थोडं चिडवायला.

मुलगा सकाळी निघतो, साधारण इथल्या गिरणीच्या पहिल्या भोंग्याच्या सुमाराला, एवढं त्याच्या पत्रांतून कळलं होतं. पोचतो कधी, ते त्यानं कधी लिहिलं नव्हतं. बकुळाबाईंना बोटीचा प्रवास ठाऊक होता. विमान म्हणजे बोटीपेक्षा मोठी गोष्ट, तेव्हा ते लांबच जात असणार, असं धरून त्या दुपारच्या बारापर्यंत केरसुणीला हात लावत नव्हत्या आणि लावू देत नव्हत्या. राधा होईपर्यंत हे खपून गेलं. तेव्हा बकुळाबाई गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायला जात आणि मालन परळच्या एका प्रसूतिगृहात नर्स होती. घराला दुपारपर्यंत कुलूपच असे. राधा झाली, नातीला सांभाळायला बकुळाबाईंनी गिरणी सोडली. पोर रांगायला लागल्यावर मात्र हा केर म्हणजे रोजचा तंटा झाला. प्रसूतिगृहात दिवस सुरू व्हायचा तोच जमीन पुसण्यानं. जमिनीवर काय असतं आणि ते पोरांच्या पोटात गेलं की काय होतं, हे मालन आठ-आठ तास बघून घरी यायची, आणि घरी आपलीच पोर काजळीत लोळलेली असायची.

शेवटी हा तंटा गॅलरीत गेला. शेजारच्या जाईबाईंचा नवरा ट्राम चालवायचा. त्या म्हणाल्या, असं रोजचं जाणं धरायला लागलं तर ट्रामवाल्याच्या बायकोनं जन्मात केर काढायला नको. आमचा मेला दिवसातून सहादा म्युझियमला जातो. बायका हसल्या. बकुळाबाई हसल्या नाहीत. ट्राम कधी जमीन सोडते का, एवढंच त्यांनी विचारलं. बऱ्याच वेळानं निवाडा झाला तो असा, की जाणं धरायचं, येणं धरायचं नाही, कारण येणाऱ्यासाठी घर झाडून ठेवायचंच असतं. आणि पोचायला किती वेळ लागतो ते मालननं कंपनीत जाऊन विचारून यावं. शिकलेली आहे, तिला नीट सांगतील.

कंपनीची कचेरी बॅलार्ड पिअरला होती. मालन सुटीच्या दिवशी राधाला कडेवर घेऊन गेली. तिथं चिंतामणी नावाचे एक वयस्क गृहस्थ होते, ठाकूरद्वारला राहणारे, कोटाच्या बाहीवर शाईचे डाग पडू नयेत म्हणून कापडी बाह्या चढवलेले. मोहनबारीहून तेजू किती लांब आणि विमानाला किती वेळ लागतो, हे कुणा बाईनं येऊन विचारावं याचं त्यांना नवल वाटलं. ते उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेले. नकाशात आसाम वरच्या कोपऱ्यात होता. त्यांनी पट्टी लावली.

पंचाहत्तर मैल, ते म्हणाले. म्हणजे इथून रेल्वेनं खंडाळा जेवढं, तेवढंच. जमिनीवरून जायचं तर मध्ये नद्या, जंगल, पूल नाहीत. कोरड्या दिवसांतही चार-पाच दिवस लागतील आणि पावसाळ्यात तर विचारच नको. विमानाला अर्धा तास.

"अर्धाच तास?" मालन म्हणाली.

"वारा समोरून असला तर चार-पाच मिनिटं जास्त. पण बाई, तुम्हाला हे कशाला हवंय, ते विचारू का?"

घरी काळजी वाटते, असं सांगायचं तिनं ठरवलं होतं. पण त्यांनी इतक्या गंभीरपणे पट्टी लावून मोजलं होतं, की तिला खोटं बोलवेना. तिनं केराचं सांगितलं. चिंतामणी हसले नाहीत. आमच्याकडे कोणी गावाला गेलं की आई डोक्यावरून न्हायची नाही, असं म्हणाले, आणि खुर्चीत बसून विचार करू लागले.

"मग आधी एक ठरवा. निघणं म्हणजे काय धरायचं? आमच्या खात्यात वेळा दोन असतात. चाकं जमिनीवरून सुटल्यापासून परत जमिनीला लागेपर्यंत अर्धा तास. पण विमानाचं दार लागल्यापासून तिकडं दार उघडेपर्यंत चाळीस मिनिटं. ह्यातली कुठली?"

मालनला एकदम हसू आलं. घरी विचारून सांगते, ती म्हणाली.

घरी बकुळाबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. दारच. माणसाच्या मागं दार लागलं की तो निघाला. चाकांचं त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मग वाऱ्याचं निघालं. बकुळाबाई देवगडच्या किनाऱ्यावर वाढलेल्या होत्या. वारो फुडसून इलो तर, हे त्यांनीच विचारलं. मालननं पाच मिनिटं वाढवून दिली. त्यांनी दहा मागितली. आत्ता हिवाळा येतोय, सकाळचा वारा पडलेला असतो, असं मालननं स्वतःच्या मनानं ठोकून दिलं. कोथिंबिरीची जुडी घ्यावी तशी घासाघीस करून शेवटी ठरलं, की साडेसहाच्या पहिल्या भोंग्याला केरसुणी कोपऱ्यात ठेवायची, सातचा दुसरा भोंगा होऊन गेला आणि त्यावर भाकरी भाजण्याइतका वेळ गेला, की उचलायची. मालनला कामावर निघण्याआधी घर झाडायला पंधरा-वीस मिनिटं मिळू लागली. दुसरा भोंगा झाला की जाईबाई भिंतीपलीकडून ओरडून विचारायच्या, "काय गं मालन, उतरला का गं?" आणि मालन म्हणायची, "दार उघडतायत."

राधाचा खोकला गेला.

मालनच्या मनातलं मात्र एक काही गेलं नव्हतं, आणि ते बोलण्यासारखंही नव्हतं. सप्टेंबरात गणपतीला गणपत दहा दिवस रजेवर आला होता. राधाला त्यानं पहिल्यांदा पाहिलं, दिवसभर तिला खांद्यावरून उतरवलं नाही. चाळीतली माणसं जमवून त्यानं आसामच्या गोष्टी सांगितल्या. तिथली नदी वरून कशी दिसते, वेणी सोडल्यावर सात-आठ पेड मोकळे व्हावेत तशी, हेही सांगितलं. पण रात्री, सगळं निजल्यावर, मालन हळू आवाजात त्याच्याशी बोलायला लागली की तो उत्तर देत नसे. पहिल्या रात्री तिला वाटलं दमलाय. दुसऱ्या रात्री तिनं विचारलं, आम्हाला तिकडं कधी नेणार. तो छताकडं बघत राहिला. डोळे उघडे होते. त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. प्रसूतिगृहात बायका नाना गोष्टी सांगत. परमुलखात गेलेल्या नवऱ्यांच्या गोष्टी सगळ्यांत जास्त असत. मालन त्या ऐकून पुढच्या खाटेकडे जायची.

नोव्हेंबरात एक दिवस मराठी राज्याच्या मागणीसाठी हरताळ पडला. गिरण्या बंद, त्यामुळं भोंगा वाजलाच नाही. मालननं घड्याळ बघून सात वाजून गेल्याचं सांगितलं, पण बकुळाबाईंना पटेना. "घड्याळ तुझा. भोंगो सगळ्यांचो," त्या म्हणाल्या. तेवढ्यात खालून बायकांनी हाका मारल्या. मोर्चा निघत होता आणि बकुळाबाई गिरणी सोडली तरी मोर्चा सोडत नसत. चपला पायात सरकवून त्या जिन्यानं खाली गेल्यासुद्धा. जानेवारीत ह्याच रस्त्यांवर गोळीबार झाला होता. चाळीतून सकाळी गेलेला एक जण परत आला नव्हता. मालन घरातच होती. ट्राम, बस काहीच नव्हतं. काजळी पायाला लागत होती. तिनं दोनदा केरसुणी हातात घेतली आणि दोनदा परत ठेवली. बकुळाबाई आल्या त्या दिवेलागणीला, घसा बसलेला, कपाळावर धुळीचे ओघळ. त्यांनी जमिनीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. दिवेलागणीला केर काढायचा नसतो, त्यामुळं ते घर त्या दिवशी झाडलं गेलंच नाही. राधाला तेवढं मालननं रात्री गरम पाण्यानं चोळून काढलं.

फेब्रुवारीत एका सकाळी प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर वर्तमानपत्र पडलं होतं. पहिलं पान निवडणुकीच्या सभांनी भरलेलं होतं. आतल्या पानावर खाली चार ओळी होत्या. मोहनबारीहून तेजूला निघालेलं एक मालवाहू डाकोटा विमान दोन दिवस बेपत्ता असून शोध चालू आहे. त्या चार ओळी मालननं पुन्हा पुन्हा वाचल्या. मग तिनं हातातली बाळंतिणीची भांडी खाली ठेवली, रजा मागितली आणि अंगावरच्या पांढऱ्या लुगड्यानिशी बॅलार्ड पिअरची वाट धरली. ट्राममध्ये तिला सारखं एकच आठवत होतं. परवाही तिनं ठरल्या वेळेला घर झाडलं होतं. काल झाडलं होतं. आज सकाळीही, दार उघडतायत असं जाईबाईंना ओरडून सांगत. ह्या गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. जमीन झाडल्यानं विमानं पडत नाहीत, हे ती कुणालाही समजावून सांगू शकली असती. तरी उतरायचा थांबा येण्याआधीच ती उठून दारात उभी राहिली.

कचेरीत चिंतामणींनी तिला दारातच ओळखलं. तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी ती बसायच्या आधीच सांगितलं.

"सापडलं, बाई. सकाळी तार आली. सगळे सुखरूप आहेत."

तेजूवर ढग उतरले होते. उतरता येईना, परत फिरावं तर मागंही ढग भरले. मग नदीकाठच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर वैमानिकानं विमान टेकवलं. रेडिओ बंद पडला होता. आतली माणसं विमानातलाच तांदूळ शिजवून खात होती. आकाश मोकळं झालं तेव्हा तेजूला पोचली. "अर्ध्या तासाची वाट," चिंतामणी म्हणाले, "तीन दिवस लागले." त्यांनी तिच्यासाठी पाणी मागवलं. ती पाणी प्यायली तेव्हा ते नकाशाकडं बघत, तिला बरं वाटावं म्हणून, सहज म्हणाले,

"आणि तसेही तुमचे यजमान त्यात नव्हतेच. ते आता वर जात नाहीत ना."

मालननं पेला खाली ठेवला.

चिंतामणींनी चष्मा काढला. तिला माहीत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. पण बोललेलं परत घेता येत नव्हतं. गेल्या जूनमध्ये गणपतला सर्दी झाली होती. सर्दी असताना वर जायचं नाही असं त्यालाही ठाऊक होतं, पण पावसाळ्याच्या तोंडावर जेवढ्या खेपा होतील तेवढ्या करायच्या होत्या आणि तो गेला. विमान खाली येताना डाव्या कानाचा पडदा फाटला. मग कान वाहत राहिला. डॉक्टरांनी वर जायला कायमची मनाई केली. आता तो मोहनबारीला सुट्या भागांच्या गुदामात असतो. काम चांगलं करतो. "मला वाटलं, त्यांनी कळवलं असेल. मागं तुम्ही वेळ विचारायला आलात, तेव्हा मी फक्त नकाशा बघितला, नावं बघितली नाहीत."

"त्यांच्या जागी कोण जातं?" मालननं विचारलं. का विचारलं ते तिलाही कळलं नाही.

"शिवा म्हणून एक मुलगा आहे. सोलापूरकडचा. हे तीन दिवस तोच होता."

परतताना ट्राम भायखळ्यापर्यंतच गेली. पुढं सभेची मिरवणूक होती, रस्ता माणसांनी भरलेला होता. मालन उतरून चालायला लागली. आधी तिला राग आला. आठ महिने. पत्रात दर वेळी 'काम चालू आहे' लिहायचं आणि वर जायचं नाही. चाळीसमोर नदीच्या गोष्टी सांगायच्या. आणि इकडं आपण एकेका मिनिटासाठी सासूशी भांडायचं, पोरीला काजळीतून उचलत बसायचं, ते कुणासाठी, तर गुदामात बसून स्क्रू मोजणाऱ्या माणसासाठी. आज घरी गेल्यावर सगळं सांगून टाकायचं, तिनं ठरवलं. उद्यापासून सकाळी सहालाच घर झाडायचं.

लोकांच्या लोंढ्यातून वाट काढत ती पुढं आली. कडेला भिंतीशी एक म्हातारा उभा होता. बरोबरचा माणूस त्याच्या कानाशी तोंड नेऊन घोषणा काय चालली आहे ते सांगत होता. मालन चालता चालता थांबली.

डावा कान. रात्री ती त्याच्या डाव्या बाजूला निजत होती. उजवीकडं भिंत होती, म्हणून तो भिंतीकडं आणि ती इकडं, राधाला दुसऱ्या अंगाला घेऊन. ती हळू बोलायची. उजवा कान उशीत असायचा नाहीतर भिंतीकडं. तो छताकडं बघत राहायचा, कारण त्याच्या लेखी त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

ती नर्स होती. बाळंतिणींबरोबर येणारी, कान वाहणारी पोरं रोज बघत होती. टाळी वाजवून मूल कुठं वळतं ते बघायला तिला शिकवलं होतं. आणि दहा दिवस शेजारी निजलेल्या नवऱ्याचा कान तिला कळला नव्हता. तिला फक्त त्याचं गप्प राहणं कळलं होतं. रस्त्याच्या कडेला उभी राहून तिनं पदरानं डोळे पुसले. बाजूनं जाणाऱ्या एका बाईला वाटलं, ही भाषण ऐकून रडते आहे. तिनं मालनच्या पाठीवर थोपटलं आणि ती पुढं गेली.

घरी बकुळाबाई दारात बसून सुके बोंबील निवडत होत्या. राधा त्यांच्या पायाला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती. लवकर कशी आली, असं त्यांनी विचारलं नाही. सुनेचं तोंड बघून त्यांनी बोंबलांचं सूप बाजूला केलं. मालननं आधी विमानाचं सांगितलं आणि सगळे सुखरूप आहेत हेही त्याच दमात सांगितलं. मग ती थांबली. रस्त्यात ठरवलेली वाक्यं आता जागेवर नव्हती.

"आई, हे त्या विमानात नव्हते. हे वर जातच नाहीत."

बकुळाबाईंनी मान हलवली. डावीकडून उजवीकडे नाही, वरून खाली.

"कान ना?" त्या म्हणाल्या.

मालन उंबऱ्यावरच बसली.

बकुळाबाईंनी मग सांगितलं ते अगदी थोडं होतं. त्यांनी तीस वर्षं गिरणीत काढली होती. वाइंडिंग खात्याला लागूनच साचे, म्हणजे खडखडणारे माग होते. साच्यावरच्या माणसांचे कान कसे जातात, एक कान गेलेला माणूस मान कशी तिरकी धरतो आणि आपल्याला ऐकू येत नाही हे कळू नये म्हणून आधीच कसा हसतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांच्या घोवाचाही, गणपतच्या वारलेल्या वडलांचाही, कान तसाच गेला होता. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी गणपत जेवायला बसला होता. डाव्या बाजूनं त्यांनी विचारलं, भात वाढू काय. तो हसला. ताटात भात तसाच होता.

"पण कान गेला म्हणजे वर जात नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोणी नाय. त्यानंच सांगल्यान." बकुळाबाईंनी राधाला मांडीवर घेतलं. "न्हयची गोष्ट. येनीचे पेड सुटल्यासारी दिसता ती. तीच गोष्ट त्यानं आदल्या वर्साक पण सांगितली होती. वर जानारो मानूस रोज नवां बगता. तो जुनां सांगूक लागलो, तेवा माका समाजला."

म्हणजे सप्टेंबरात. मालननं मनाशी महिने मांडले. ती बॅलार्ड पिअरला गेली ती त्यानंतर. दाराची वेळ की चाकांची, समोरच्या वाऱ्याची पाच मिनिटं की दहा, ही सगळी घासाघीस त्यानंतरची. आपला मुलगा जमिनीवर आहे हे पक्कं ठाऊक असलेली बाई त्या मिनिटांसाठी तिच्याशी भांडत होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यानं तुका सांगूक नाय. मी कशी सांगतलंय? त्याका लाज वाटता. वाटांदे. सांगतलो कदीतरी."

"आणि केर?" मालनचा आवाज चढला. "रोज सकाळी मला थांबवत होतात, ते कशाला मग? पोर खोकत होती, आई. कुणासाठी?"

राधानं बकुळाबाईंचा पदर तोंडात धरला होता, तो त्यांनी हळूच सोडवला.

"माझो झील वर नाय. पण इमान तर जाता मां?" त्या म्हणाल्या. "त्याच्या जाग्यार कोण तरी बसत आसतलोच."

खाली रस्त्यावरून मिरवणुकीतली एक तुकडी घोषणा देत परत चालली होती. ती जाईपर्यंत दोघी थांबल्या.

"शिवा नाव त्याचं," मालन म्हणाली. "सोलापूरकडचा आहे."

"घरात कोण आसा त्याच्या?"

"ते नाही विचारलं."

"आसतीत कोण तरी." बकुळाबाईंनी सूप पुन्हा पुढं ओढलं आणि एक बोंबील उचलून त्याचं डोकं मोडलं. "नसली, तर आमी आसंव."

त्या रात्री मालननं नवऱ्याला पत्र लिहायला घेतलं. राधा धरून उभी राहते, हे लिहिलं. विमानाची बातमी वाचली, सगळे सुखरूप असल्याचं कळलं, हेही लिहिलं. कानाचं काही लिहिलं नाही. पुढच्या रजेत भिंतीच्या बाजूला, त्याच्या उजव्या कानाशी, आपण निजायचं, हे लिहिण्यासारखं नव्हतंच.

सकाळी पहिला भोंगा झाला तेव्हा बाहेर अजून धुकट होतं. मालननं राधाला मांडीवर घेतलं. बकुळाबाईंनी तवा ठेवला. दुसरा भोंगा झाला, रस्त्यावरची पावलं धावत गिरणीकडं गेली आणि थांबली. पलीकडून जाईबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "उतरला का गं?" मालननं उत्तर दिलं नाही. बकुळाबाईंनी तव्यावरची भाकरी उतरवली आणि मागं न बघता म्हटलं, "झाड आता."

मालननं हातावरच्या घड्याळाकडं बघितलं. वेळ होऊन गेली होती.

"थांबा थोडं," ती म्हणाली. "तिकडं ढग असतात."

बकुळाबाईंनी वळून तिच्याकडं बघितलं. मग त्यांनी पिठाचा आणखी एक गोळा घेतला आणि थापायला लागल्या. खिडकीतून उजेड येऊन जमिनीवर पसरला. काजळीत राधाचे हात उमटलेले होते, दारापासून शेगडीपर्यंत, एकापुढं एक. ते तिघींपैकी कुणी पुसले नाहीत.